कुठल्या महिन्यात बघितलंत?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या वहिनींनी उन्हाळ्यात फोन केला. म्हणाल्या, "भाऊजी, आता रिटायर झालात, तर नोकरीबद्दल लिहा ना काहीतरी. हलकंफुलकं. ते वरून काढलेले फोटो वगैरे." मी हो म्हणालो. लिहायला बसल्यावर कळलं की माझ्याकडचा हलकाफुलका मजकूर पानभरात संपतो. तो आधी देतो. पुढचा रागाचा आहे. वहिनींना कात्री चालवायची असेल तर कुठून चालवायची ते त्यांना आपोआप कळेल.

मी एकोणीस वर्षं इथे अमेरिकेत, हर्नडनमधल्या एका ऑफिसात बसून गावं लिहिली. म्हणजे असं, की जगात कुठेतरी कोणाला धरण बांधायचं असतं, रस्ता न्यायचा असतो, नाहीतर झाडं लावायची असतात. पैसे घालणाऱ्याला आधी कळायला हवं की तिथे कोण राहतं आणि जमीन कोण वापरतं. त्यासाठी तो आमच्यासारख्या कंपनीकडून प्रत्येक गावाचं दोन पानी टिपण करून घेतो. त्याला आम्ही प्रोफाइल म्हणायचो. उपग्रहाचे फोटो, त्या देशाचे सरकारी कागद, तिथल्या एखाद्या माणसाशी दोन-तीन फोन, आणि एक फॉर्म. घरं किती, रस्ता कसला, पाणी कुठलं, जमीन कशाखाली. फॉर्म भरला की गाव तयार. असली शेकडो गावं मी तयार केली आणि त्यातल्या एकातही कधी पाय ठेवला नाही. हे मी पूर्वी पार्टीत अभिमानानं सांगायचो.

गमती होत्याच. एका समुद्रकाठच्या गावात मी पांढऱ्या छपरांची नवी वस्ती शोधून काढली, माणसांचा अंदाज बांधला, शाळेची गरज आहे असंसुद्धा लिहिलं. ते मिठाचे ढीग होते, प्लास्टिकनं झाकलेले. पाऊस संपल्यावर पुढच्या फोटोत माझी अख्खी वस्ती गायब झाली, तेव्हा मला वाटलं लोकांना हुसकावून लावलं, आणि मी तातडीची ईमेल पाठवली. ऑफिसात पुढे वर्षभर कोणी मीठ मागितलं की माझ्याकडे बघायचे. दुसरं एक गिऱ्हाईक होतं, त्याला प्रत्येक गावाचा 'मेन स्ट्रीट' हवा असायचा. डोंगरात चार घरं असली तरी मेन स्ट्रीट कुठला ते सांगा. मी एका गावाचा मेन स्ट्रीट म्हणून शेळ्यांची वाट दिली. गिऱ्हाईक खूश.

आमच्या धंद्याचा खरा शत्रू म्हणजे ढग. उपग्रह वर फिरत असतो, पण मधे ढग आला की खालचं काही दिसत नाही. म्हणून आमच्याकडे नियम होता, ज्या फोटोत दहा टक्क्यांपेक्षा जास्त ढग, तो फोटो कॉम्प्युटर आपणहून बाजूला टाकायचा. आमच्यापर्यंत यायचाच नाही. उरलेल्या फोटोंपैकी वर्षातले दोन घ्यायचे, वेगवेगळ्या ऋतूंतले. दोन्हींत पीक दिसलं नाही तर जमीन पडीक. ऐकायला किती सरळ वाटतं. मलाही वाटायचं. हे नियम लिहिणाऱ्या टीममध्ये मी स्वतः होतो, हेही इथेच सांगून टाकतो.

हलकंफुलकं संपलं.

तुम्ही भारताचं तिकीट काढता तेव्हा शेवटी एक चौकोन येतो, बघितलाय का? तुमच्या प्रवासाच्या धुराच्या बदल्यात झाडं लावायची आहेत का, असं विचारतात. आपण बरोबरची खूण करतो आणि बरं वाटतं. मीही करायचो. ती झाडं कुठेतरी लावावी लागतात. त्यासाठी जमीन लागते, आणि ती कोणाची नसलेली, कोणी न वापरलेली असावी लागते. अशी जमीन जगात फारशी उरलेली नाही. म्हणून ती कागदावर तयार करावी लागते. ते काम आम्ही करायचो.

त्या गावाचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण नोकरीत ज्या कागदावर सही केली त्यात तसं बंधन आहे. आपण त्याला सुंगाई रावा म्हणू. इंडोनेशियात, बोर्निओ बेटाच्या दक्षिणेला, पाणथळ सखल भागात आहे. नदीच्या काठानं एका रांगेत चाळीसेक घरं, लाकडी, उंच खांबांवर. मागे नजर पोचेल तिथपर्यंत दलदल. रस्ता नाही, नदी हाच रस्ता. फॉर्ममध्ये रस्त्याच्या रकान्यात तीनच पर्याय होते, डांबरी, खडी, माती. मी 'नदी' लिहायचा प्रयत्न केला तर कॉम्प्युटर पुढे जाऊ देईना. शेवटी माती निवडली आणि पुढे गेलो. तिथेच मला थांबायला हवं होतं.

त्या वर्षी तिथले दोनच फोटो नियमात बसले. एक एप्रिलच्या सुरुवातीचा, तिकडचा पावसाळा तेव्हा संपत असतो, सगळीकडे पाणी. घरांच्या मागे पाण्यावर हिरवे लांबट पट्टे होते, त्यांना मी 'तरंगतं तण' असं नाव दिलं. दुसरा फोटो ऑक्टोबरच्या शेवटचा, सगळं तपकिरी, कोरडं, काड्या. मधल्या महिन्यांत ढग, आणि मग दूरच्या रानातल्या आगींचा धूर. दोन फोटो, दोन्हींत पीक नाही. मी लिहिलं, "गावामागील जमीन प्रामुख्याने पडीक, झुडपी. नियमित वापराच्या खुणा नाहीत." इंग्रजीत लिहिलं, तिथे ते आणखी रुबाबदार दिसत होतं. दुपारी जेवायच्या आधी एक गाव संपलं. जेवण चांगलं झालं होतं, हेही आठवतं.

माझ्या त्या वाक्यावर झाडं लावणाऱ्या कंपनीनं नकाशावर रेघ ओढली. घरं रेघेच्या बाहेर, मागची सगळी दलदल आत. आत लागवड, आणि लागवडीत शिरायला मनाई.

नियमाप्रमाणे गावाला हरकत घ्यायला मुदत असते. बहुतेक गावांपर्यंत हे पोचेपर्यंत मुदत संपलेली असते. सुंगाई रावाची हरकत वेळेत आली. शाळेच्या वहीच्या कागदावर होती, आणि खाली इतक्या सह्या आणि अंगठे होते की मूळ मजकूर चारच ओळींचा वाटत होता. हरकत आली की प्रोफाइल लिहिणाऱ्यानं गावाशी एकदा बोलायचं असतं. आमचे सकाळचे सात म्हणजे त्यांचे संध्याकाळचे सात. मी कॉफी घेऊन स्क्रीनसमोर बसलो.

समोर शाळेचा व्हरांडा होता आणि साधारण माझ्याच वयाची एक बाई खाली बसलेली होती. आमचे तिथले दुभाषे पाक आंदी यांनी ओळख करून दिली. या इबू नोर, गावच्या शाळेतल्या शिक्षिका. इबू म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं, आणि पाक म्हणजे आपले भाऊसाहेब म्हणा. मी माझं नेहमीचं भाषण केलं, आमची पद्धत, दोन फोटो, दोन ऋतू. पाक आंदी भाषांतर करत होते, बाई शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"कुठल्या महिन्यात बघितलंत?"

मी सांगितलं, एप्रिल आणि ऑक्टोबर.

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या वर्गातल्या ढ मुलाकडे बघून हसावं तशा हसल्या. मग सांगायला लागल्या. पावसात दलदलीत होडी चालते एवढं पाणी, तेव्हा मासे. उन्हाळा लागला की पाणी हळूहळू उतरतं. आधी घरांजवळचा उंचवटा उघडा पडतो, तिथे भात लावायचं. मग पुढचा पट्टा उघडा पडतो, तिथे लावायचं. पाणी मागे मागे सरकतं आणि गाव भात घेऊन त्याच्या मागे जातं. ऑक्टोबरच्या आधी कापणी संपलेली असते. "म्हणजे तुम्ही एकदा लावणीच्या आधी आलात आणि एकदा जेवण झाल्यावर," इबू म्हणाल्या. "आणि म्हणता, या घरात चूल पेटत नाही."

मी विचारलं, एप्रिलमधलं ते तरंगतं तण कसलं? पाक आंदींनी प्रश्न ऐकवल्यावर व्हरांड्यात मागे बसलेल्या बायका मोठ्यानं हसल्या. ती रोपं होती. जमीन पाण्याखाली असते तेव्हा गवताचे तराफे बांधून त्यावर माती पसरतात आणि भाताची रोपं वाढवतात. पाणी उतरलं की ती उपटून लावायची.

आमच्याकडे त्यांना पऱ्हे म्हणतात. माझ्या आईनं जन्मभर पऱ्हे उपटले आणि रोवणी केली. आणि मी फोटोतल्या पऱ्ह्यांना तण लिहिलं होतं.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी भंडारा जिल्ह्यातला. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमच्या गावाला एक मामा तलाव होता, म्हणजे जुन्या मालगुजारांनी, जमीनदारांनी बांधलेला. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, नुसता घराण्यातला नाही, आमच्या मोहल्ल्यातला. हे मी दर चार वाक्यांनी सांगतो अशी माझ्या मुलीची तक्रार आहे. सांगतो, कारण फुकट मिळालेलं नाही.

तर त्या तलावात हिवाळ्यापर्यंत मासे, शिंगाडे, कमळाचे ढेस, त्यांची भाजी व्हायची. उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की काठचा गाळ उघडा पडायचा, आणि त्या गाळावर आम्ही काकड्या, टरबुजं, पाणी बरं असलं तर धानसुद्धा घ्यायचो. त्याला गाळपेर म्हणतात. कोणाचा पट्टा कुठे ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण तलाठी यायचा कार्तिकात, तलाव तुडुंब असताना, आणि बांधावरूनच लिहायचा, पाण्याखाली, पडीक. मग एका वर्षी तलाव बाहेरच्या ठेकेदाराला गेला आणि गाळावर उतरायला बंदी झाली. वडील तहसीलमध्ये गेले. बाबूनं कागद काढून दाखवला, इथे पीक कधी नव्हतंच. वडील म्हणाले, साहेब, उन्हाळ्यात या ना एकदा बघायला. साहेब काही आला नाही. परत येताना वडिलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं होतं आणि म्हणाले, "शिक. जो कागद लिवते ना, त्याच्या खुर्चीवर बस."

बसलो की. चांगली गोल फिरणारी खुर्ची होती. आणि त्या खुर्चीवर बसून मी तेच लिहिलं, ज्यानं माझ्या बापाला परत पाठवलं होतं. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअर मुलांनी ही चूक केली असती तर मी समजू शकलो असतो, त्यांनी तलाव वरून सुद्धा बघितलेला नसतो. पण मी? मला तर गाळ नखात भरलेला आठवतो.

त्या सकाळपासून माझं डोकं सटकलं ते अजून जागेवर नाही.

माझा मॅनेजर केदार, पुण्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हुशार मुलगा. मीटिंगमध्ये मी त्याच्यासाठी 'सुक' असायचो, सुखदेवचं अमेरिकन, आणि पार्किंग लॉटमध्ये 'काका'. मी त्याला सांगितलं की प्रोफाइल चुकलंय, परत उघड. तो म्हणाला प्रोफाइल लॉक झालंय, आणि चुकलं नाहीये, मेथडप्रमाणे बरोबर आहे. मी म्हटलं मेथड चुकली आहे. तो म्हणाला ती तर तुम्हीच लिहिली.

"म्हणूनच सांगतोय," मी म्हटलं.

"काका, यार, असं केलं तर मागची सगळी गावं उघडावी लागतील."

"उघड ना मग."

त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. वाईट वाटणाऱ्या माणसांचा मला त्या काळात फार राग यायला लागला होता. सगळ्यांना वाईट वाटत होतं आणि रेघ होती तिथेच होती. शेवटी तो एवढंच म्हणाला, पुरावा आणा. गावाच्या सांगण्यावर चालत नाही, फोटोत दिसायला हवं.

म्हणजे बघा. जे गाव पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात खातंय, त्याचं म्हणणं हा पुरावा नाही. आणि मी जेवणाच्या आधी टाइप केलेलं एक वाक्य, तो पुरावा.

फोटो कुठून आणायचे? नियमात बसणारे दोनच. मग एका शनिवारी मला सुचलं की कॉम्प्युटरनं फेकून दिलेले फोटो कुठेतरी असणारच. होते. मे ते सप्टेंबर, दर काही दिवसांनी एक, ढगांनी भरलेले. पण ढग म्हणजे काही पत्रा नाही. प्रत्येक फोटोत दोन-चार भोकं असतात आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. एका भोकातून एवढंसं हिरवं दिसायचं, दुसऱ्यातून पाण्याची चकाकी. नुसतं बघून कळेना की काय कुठलं. मग मी इबू नोरना परत फोन लावला.

पुढचे सात शनिवार आम्ही ते काम केलं. आम्ही म्हणजे मी इथे किचन टेबलावर आणि तिकडे व्हरांड्यात गाव. मी विचारायचो, तुमच्या नदीच्या वळणापासून शाळेपर्यंतच्या पट्ट्यात लावणी कधी झाली? तिकडे वाद सुरू व्हायचा. एक म्हणायची ईदच्या आधी, दुसरी म्हणायची नाही गं, माझी सून बाळंत झाली त्या आठवड्यात. पाक आंदी बिचारे भाषांतर सोडून भांडण मिटवत बसायचे. शेवटी आठवडा ठरायचा, मी त्या आठवड्याचा ढगाळ फोटो उघडायचो, भोक शोधायचो, आणि तिथे हिरवं असायचं. दर वेळी असायचं. त्या बायकांनी सांगितलेला एकही आठवडा चुकला नाही. आमच्या कंपनीतल्या कुठल्याही यंत्राबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

मधल्या वेळात गप्पा व्हायच्या. मी गाळपेरीचं सांगितलं तेव्हा इबूंनी ते सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं आणि एका म्हातारीनं काहीतरी विचारलं. पाक आंदी भाषांतर करायला तयार होईनात. मी आग्रह केला.

"त्या विचारतायत," ते म्हणाले, "तुमच्या घरी जर हेच होतं, तर तुम्हाला ओळखू कसं आलं नाही?"

मी म्हटलं, सांगा त्यांना, मला लाज वाटते. त्यांनी सांगितलं. म्हातारीनं मान हलवली आणि परत हातातली चटई विणायला लागली. माफ केलं असं वाटलं नाही, आणि ते बरंच झालं.

माझी मुलगी त्या दिवसांत घरी आली होती, टेबलावर पसरलेली फोटोंची ठिगळं बघून म्हणाली, "बाबा, सो हू चेक्स युअर वर्क?" कोणी नाही, मी म्हटलं. एकोणीस वर्षं कोणी नाही. आमच्या धंद्यात तपासायला येणारा माणूस आमचंच टिपण हातात घेऊन येतो.

तुकडे जोडून नकाशा तयार झाला. पाणी उतरतं तसं हिरवं मागे मागे सरकताना त्यात स्वच्छ दिसत होतं. मी केदारला दाखवला. तो महिन्यामागून महिना बघत गेला आणि म्हणाला, "काका, हे सुंदर आहे." मग तो नकाशा घेऊन तो स्वतः झाडवाल्या कंपनीच्या मीटिंगमध्ये बसला, माझ्या बाजूनं. त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

मीटिंगमध्ये समोरचा साहेब फार गोड बोलला. गावं हीच आमची खरी भागीदार, वगैरे. मग म्हणाला की 'पडीक' हा फक्त एक वर्ग आहे, मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं तुमच्या घराचं अंगण उद्या या वर्गात टाकतो, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. केदारनं टेबलाखालून मला पाय मारला. पण नकाशापुढे त्यांचं चाललं नाही. भाताची जमीन रेघेच्या बाहेर काढायचं त्यांनी मान्य केलं.

मी आनंदानं इबू नोरना फोन लावला. पाक आंदींनी बातमी सांगितली, मागे गलका झाला. इबू मात्र कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि पुरुन?"

पुरुन म्हणजे आपल्या लव्हाळ्यासारखं, माणसाच्या उंचीचं, पोकळ दांड्याचं. भाताच्या पलीकडे, सगळ्यात खोल दलदलीत, मैलभर पसरलेलं. गावातल्या बायका होडीतून जाऊन ते कापतात, वाळवतात, कुटून चपटं करतात आणि चटया विणतात. भात घरात खायला. मुलांच्या शाळा, औषधं, लग्नं, सगळं चटईवर. ते रेघेच्या आतच राहिलं होतं. माझ्या नकाशात ते नव्हतं. कारण ते कोणी लावत नाही, आपोआप येतं, आणि वर्षभर एकाच रंगाचं दिसतं. वरून बघितलं तर झुडूप. फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. पीक म्हणजे लावलेलं. न लावता येतं आणि कापलं जातं त्याला आमच्याकडे नाव नव्हतं.

मी हे सगळं समजावून सांगत होतो तेव्हा इबूंनी बसल्या जागेवरून उठून खालची चटई उचलली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. सगळा स्क्रीन चटईनं भरला. मागून आवाज आला, "ही तुमची पडीक जमीन. मी इतके दिवस हिच्यावर बसून तुमच्याशी बोलतेय."

मी विचारलं, कोणी कुठे कापायचं हे ठरलेलं असतं का? असतं. ज्या बाईला ज्या ठिकाणी कापायचं असेल ती तिथल्या उंच दांड्यांची मूठ धरून गाठ मारते. ती गाठ दिसली की दुसरी पुढे जाते. कापताना गाठीभोवतालचं उभं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा वाढतं. आजवर एकीनं दुसरीची गाठ सोडलेली नाही. मी विचारलं, याची कुठे नोंद? इबू म्हणाल्या, गाठ हीच नोंद.

गाठ वरून दिसत नाही. कितीही मोठं भोक असलं तरी दिसत नाही.

केदारकडे गेलो. तो या वेळी खरंच हतबल होता. म्हणाला, "भाताचं जमलं कारण फोटो होता. गाठीचा फोटो कुठून आणायचा, काका?" बरोबर होतं त्याचं. मग मी माझ्या नावानं पत्र लिहिलं. झाडवाल्या कंपनीला आणि त्यांना पैसे देणाऱ्यांना, गावाच्या खऱ्या नावानिशी. त्यात लिहिलं की मूळ प्रोफाइल मी लिहिलं, ते खोटं आहे, मी तिथे गेलो नाही, विचारलं नाही, आणि त्या दलदलीतला एक हातभर तुकडासुद्धा पडीक नाही. केदार म्हणाला, हे लीगलकडे जाईल. मी म्हटलं जाऊ दे, स्पेलिंग तपासून ठेवलंय.

लीगलकडून काही झालं नाही. उत्तर आलं, एका ओळीचं. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. नोंद! माझ्या एका वाक्यावर एवढी दलदल लोकांच्या हातातून गेली, तेव्हा कोणाला त्या वाक्याची शंका आली नाही. तोच माणूस, तीच सही, तेच शिक्षण, आणि ते वाक्य मागे घेतो म्हटलं तर नुसती नोंद. बाप मला खुर्चीवर बस म्हणाला होता. त्या खुर्चीवरून लोकांचं घेता येतं आणि परत देता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

काही महिन्यांनी मी रिटायर झालो. केक होता. केकवर पृथ्वीचा गोळा काढलेला होता, निळ्या क्रीमचा, आणि त्यावर एकही ढग नव्हता. मी कापला, सगळ्यांना दिला, आणि त्यांच्यातलं कोणी वाईट माणूस नाही हे मला माहीत आहे. ते माहीत असल्यामुळे राग कमी होतो असं मात्र नाही.

यंदा तिकडच्या पावसाच्या शेवटी पाक आंदींनी फोटो पाठवला. कंपनीनं हद्दीचे खांब रोवलेत. पांढरे, सिमेंटचे, वर लाल पट्टा, छातीभर पाण्यात रांगेनं उभे. लागवड पुढच्या हंगामात आहे म्हणे. फोटोत एक होडी आहे, होडीत इबू नोर आणि आणखी तिघी, आणि होडी कापलेल्या पुरुननं भरलेली आहे. मला आधी तेवढंच दिसलं. मग मी फोटो मोठा केला, जन्मभर तेच करत आलोय. जवळच्या खांबाला हिरव्या दांड्यांची मूठ गुंडाळून गाठ मारलेली होती. पुढच्या खांबालाही. त्याच्या पुढच्याही. जितके खांब दिसत होते तितक्या गाठी.

मी इबूंना विचारलं, पुढच्या हंगामात काय करणार? त्यांनी पाक आंदींकडून निरोप दिला, आम्ही आमची नोंद केली आहे, आता तुम्ही तुमची करा.

तर वहिनी, इथपर्यंत कात्री लावली नसेल तर पुढचंही छापा. हे मी एकोणीस वर्षं केलेलं काम आहे, या वेळी फॉर्म माझा आहे.

गाव: सुंगाई रावा. इथे नाव बदललेलं, पत्रात खरं.

रस्ता: नदी.

घरं: चाळीसेक, खांबांवर, चुली पेटलेल्या.

घरामागचं पाणी: पावसात मासे, एप्रिलमध्ये तराफ्यावर पऱ्हे, पाणी उतरेल तसं भात.

त्यापलीकडे: पुरुन. कोणी लावत नाही, सगळ्या कापतात, गाठ मारून.

पडीक जमीन: नाही.

माहिती देणारे: इबू नोर आणि गाव.

चूक: माझी.

पाहणीचा महिना: बाराही.